मोबाईल एक, माणसं सहा: गावात आरोग्य सेतू वापरायचं कसं आणि विलगीकरण पाळायचं कसं

ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असल्यामुळे मी गावातल्या मोबाईलचा बिनपगारी डॉक्टरही आहे. दाखला काढायला आलेला माणूस निघता निघता खिशातून फोन काढतो आणि म्हणतो, "भाऊ, हे पाय बरं, काय म्हणून रायलं." २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला आणि आमच्या यवतमाळकडे कोरोनाचे आकडे वाढायला लागले. २२ तारखेपासून अमरावती शहर आणि अचलपुरात लॉकडाऊन लागला. तेव्हापासून असे फोन रोजचेच झाले. मे २०२१ उजाडला तरी प्रश्न तेच दोन होते: आरोग्य सेतू, म्हणजे कोरोनाचा रोगी जवळ येऊन गेल्याची सूचना देणारं सरकारी ॲप, टाकायचं कसं, आणि घरात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर करायचं काय. पहिलं काम दहा मिनिटांत होतं, दुसऱ्याला दहा दिवस लागतात. म्हणून इथे दुसऱ्यावर जास्त लिहिलंय, आणि सगळं त्या वेळच्या नियमांप्रमाणे.

आधी फोन कोणाचा ते ठरवा

हे ॲप केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने बनवलं आणि २ एप्रिल २०२० ला लोकांसमोर आणलं. त्याची रीत सोपी होती. दोन माणसं जवळ आली आणि दोघांच्या फोनमध्ये ॲप असून ब्लूटूथ चालू असलं, की दोन्ही फोन एकमेकांची नोंद ठेवायचे. पुढे त्यातला एक जण पॉझिटिव्ह आला, तर दुसऱ्याला सूचना जायची. म्हणजे ॲपला ओळख फोनची होती, माणसाची नव्हती.

आपल्याकडे गोची इथेच होते. सकाळी फोन बापाच्या खिशात वावरात जातो, दुपारी पोराच्या शाळेच्या ग्रुपवर असतो, संध्याकाळी सून त्यावरून माहेरी बोलते. ॲपच्या लेखी ही तिन्ही माणसं एकच. म्हणून घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त बाहेर फिरतं, म्हणजे दूध घालायला जाणारं, ऑटो चालवणारं, किराण्याच्या दुकानात बसणारं, त्याच्या हातात राहणाऱ्या फोनवर ॲप टाका. बाहेर जाताना तो फोन त्यानेच न्यायचा. फळीवर चार्जिंगला लावलेल्या फोनची दिवसभरात कोणाशीच गाठ पडत नाही.

ॲप टाकणं

प्ले स्टोअरमध्ये जाऊन 'आरोग्य सेतू' शोधा आणि खाली बनवणाऱ्याचं नाव एनआयसी आहे का ते पाहा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा कोणी पाठवलेल्या फाइलवरून ते कधीच टाकू नका. या नावाची बनावट ॲप्स फिरलेली आहेत आणि ती फोनमधली माहिती उचलतात. भाषा विचारली की मराठी निवडा. मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. ज्या सिमवर तो येतो ते सिम चालू पाहिजे. रिचार्ज संपून महिने झालेल्या सिमवर ओटीपीची वाट पाहत माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुढे ॲप ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी मागतं. दोन्हींना होकार द्या आणि लोकेशनला 'नेहमी' निवडा. मग नाव, वय, काम भरा आणि स्वतःची तपासणी करा. त्यात खोकला, ताप, श्वास, साखर, बीपी असे प्रश्न येतात. "नाही, नाही, नाही" करत भराभर बोट दाबत गेलात तर ॲपही तुम्हाला भराभर हिरवं, म्हणजे धोका कमी, असा रंग देऊन मोकळं होतं. बॅटरीसाठी रात्री घरी ब्लूटूथ बंद केलं तरी चालेल, फक्त सकाळी बाहेर पडताना ते आठवणीने चालू करा.

साधा बटणांचा फोन असेल तर तेव्हा १९२१ वर मिस कॉल द्यायची सोय होती. उलट फोन यायचा आणि लक्षणं विचारली जायची, मराठीतही. जिओच्या बटणवाल्या फोनसाठी वेगळं आरोग्य सेतू होतं.

"सरकारले समजते का आपण कुठं जाऊन रायलो?" हा प्रश्न हमखास येतो. ॲप पंधरा-पंधरा मिनिटांनी तुमची जागा टिपायचं, पण ती नोंद फोनमध्येच राहायची आणि तीस दिवसांनी पुसली जायची. तुम्ही पॉझिटिव्ह आलात किंवा तपासणीत काळजीची लक्षणं भरलीत, तरच ती सर्व्हरवर जायची. ज्याला हे पटत नाही त्याने टाकू नये, माझी जबरदस्ती नाही. खातं मिटवायची सोयही ॲपमध्ये दिलेली आहे.

हिरवं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या

माझ्या घरचंच सांगतो. मार्चमध्ये मोठा भाऊ पॉझिटिव्ह आला. मी त्याच्या मागे बसून दोनदा तालुक्याला गेलेलो, रात्री एका ताटाशेजारी दुसरं ताट. माझ्या फोनमध्ये मात्र हिरवं ते हिरवंच. तिसऱ्या दिवशी गल्लीतला किराणावाला तणतणत आला. त्याच्या फोनवर लाल आलं होतं आणि त्याने तर तपासणीच केलेली नव्हती.

उलगडा भाऊनेच केला. नमुना देताना फॉर्मवर मोबाईल नंबर विचारला, तेव्हा त्याचा रिचार्ज संपला होता. रिपोर्टचा मेसेज तरी कोणाला यावा म्हणून त्याने किराणावाल्याचा नंबर सांगितला. प्रयोगशाळेची नोंद आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेकडे जायची आणि तिथून ॲप ती त्या नंबरशी जुळवायचं. म्हणून भाऊ मोकळा, दुकानदार पॉझिटिव्ह. बिचाऱ्याचं दुकान दोन दिवस कोणी चढलं नाही.

तेव्हा या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: तपासणीच्या फॉर्मवर तोच नंबर द्या, ज्याच्यावर तुमचं ॲप आहे. आशाताईचा नको, सरपंचाचा नको, जावयाचा तर मुळीच नको. रेंज नसली तरी तुमचाच द्या. नंबर चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच, की ॲपपर्यंत अजून काही पोचलेलं नाही. "हिरवं दाखवून रायलं ना, मंग मले कायचा कोरोना?" असं म्हणत खोकणारे काकाजी आमच्या पारावर रोज भेटतात. ताप आणि खोकला असेल तर ॲप काहीही म्हणो, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करा. अँटिजेनचा निकाल अर्ध्या तासात मिळतो. तो निगेटिव्ह आला आणि लक्षणं मात्र आहेत, तर आरटीपीसीआर करायलाच हवी. तिचा रिपोर्ट यायला आपल्याकडे वेळ लागतो. तोवर स्वतःला पॉझिटिव्ह समजूनच वागा.

नारिंगी, म्हणजे धोका जास्त, असं आलं तर घाबरून कोणाच्या दारात जाऊ नका. घरीच वेगळे राहा आणि आशाताईंना फोन करा. लाल म्हणजे नोंदीप्रमाणे तुम्ही पॉझिटिव्ह आहात. तुमचीच नोंद आहे का, हे एकदा रिपोर्टवरून पडताळून घ्या. कारण वर सांगितलंच.

ॲपच्या जोडीला एक वही

गावात निम्म्या लोकांकडे ॲप चालणारा फोनच नाही. त्यामुळे संपर्क शोधायचं खरं काम अजून तोंडानेच होतं. घरात पॉझिटिव्ह कोणी निघालं की त्याच दिवशी, अंगात त्राण असतानाच, वही घेऊन बसा. लक्षणं सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून आजपर्यंत कोणाकोणाशी जवळून भेट झाली ते लिहा. "कोणाला भेटलात?" असं विचारलं तर उत्तर येतं, "कोणालेच नाही." म्हणून प्रश्न जागेचा विचारा. दूध कुठे घातलं? काळीपिवळीत शेजारी कोण होतं? कोणाच्या तेरवीला गेलात, पंगतीत उजवीकडे कोण, डावीकडे कोण? कटिंग कोणी केली? पऱ्हाट्या उपटायला सोबत कोण होतं? पाच मिनिटांत वीस नावं निघतात.

लग्नाला गेला असाल तर तेही लिहा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये नियम पंचवीस माणसांचा आणि दोन तासांचा होता. पण दंडाच्या भीतीने माणसं लग्नाला गेल्याचंच कबूल करत नव्हती आणि सगळी साखळी तिथे तुटायची. ही वही आरोग्य खात्यासाठी आहे, पोलिसांसाठी नाही, हे घरच्यांना समजावून सांगा. ज्यांची नावं निघाली त्यांना स्वतः फोन करा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांनी चौदा दिवस घरी राहायचं आणि भेट झाल्यापासून पाच ते दहा दिवसांच्या आत तपासणी करायची.

घरी राहायचं की शाळेत

घरी राहायला तीन गोष्टी लागतात: वेगळी खोली, रोग्यासाठी वेगळा संडास आणि बघायला एक धडधाकट माणूस. यातली एक जरी नसेल तर जिल्हा परिषद शाळेत तेव्हा उघडलेला विलगीकरण कक्ष किंवा तालुक्याचं कोविड केअर सेंटर बरं. त्यात कमीपणा नाही. एकाच खोलीत आजी, दोन पोरं आणि रोगी, मध्ये लुगड्याचा पडदा, याला विलगीकरण म्हणत नाहीत.

साठीच्या पुढचे, साखर, बीपी, हृदय, किडनी किंवा दम्याचे रोगी यांनी घरी राहायचं की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी घरी राहूच नये.

काही जण वावरातल्या खोपडीत जाऊन राहतात. मला ते पटत नाही. रेंज नाही, रात्री ऑक्सिजन उतरला तर हाक ऐकायला कोणी नाही, शिवाय साप-विंचू. वावर घराला लागून असेल आणि बांधावर कोणी झोपत असेल तर गोष्ट वेगळी.

खोली, ऊन आणि कूलर

पुण्या-मुंबईच्या सूचनांमध्ये हे सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो. टिनाच्या खोलीत दार लावून तापाचा रोगी कोंडला, तर कोरोनाच्या आधी ऊनच त्याला खाईल. ताप रोगाचा की उष्माघाताचा, हेही मग कळेनासं होतं.

टिनाची खोली असेल तर दुपारी रोग्याला तिथे ठेवू नका. सांदवाडीतल्या निंबाच्या सावलीत बाज टाका आणि बाकीच्यांनी त्या बाजूला जायचं नाही. बाज साधारण सहा फूट लांब असते, तेवढंच अंतर ठेवायचं आहे. म्हणून मी सांगताना फूट-मीटर सांगत नाही, "मधात एक बाज मावली पायजे" म्हणतो. उघड्यावरची हवा बंद खोलीपेक्षा केव्हाही चांगली. रात्री लाईन गेली तरीही अंगणातच झोपू द्या.

कूलरचं गणित नीट समजून घ्या. कूलर खिडकीबाहेर असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो. ती हवा कुठून तरी बाहेर पडणारच. रोग्याच्या खोलीची मागची खिडकी बंद आणि घरातलं दार उघडं असेल, तर खोलीतली सगळी हवा थेट स्वयंपाकघरात येते. म्हणून उलट करा: मागची खिडकी किंवा झरोका उघडा, घरातलं दार बंद आणि दाराखालच्या फटीत जुनं धोतर. कूलर खोलीच्या आतच ठेवला असेल तर तो तीच ती हवा फिरवत राहतो, खिडकीपाशी नेऊन लावा. आणि एकच कूलर आहे म्हणून सगळं घर रात्री रोग्याच्या खोलीत झोपतं, हे मी तीन घरांत पाहिलंय. तिन्ही घरांत सगळेच पॉझिटिव्ह निघाले.

पाणी, ताट, संडास

रोग्याचा माठ, गडवा, ताट, टॉवेल वेगळे. ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, स्टुलापासून मागे सरायचं, मग त्याने घ्यायचं. भांडी साबणाने घासली की पुरतं, ती फेकायची नाहीत. जेवायला देताना वाढणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही मास्क लावायचा. तीन पदरी मास्क आठ तासांत किंवा घामाने ओला झाला की बदलायचा.

खायला घरचंच. वरण-भात, भाकर, अंडं चालत असेल तर अंडं, ताक, आंबील, कैरीचं पन्हं. तोंडाला चव नसते तेव्हा माणूस जेवण टाळतो, पण पाणी टाळू देऊ नका. लघवी पिवळीजर्द आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

संडास एकच असेल आणि दुसरी सोयच नसेल, तर रोग्याने सगळ्यात शेवटी जायचं आणि नंतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी मारायचं. ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायला ठेवतात तीच पावडर, एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम. त्यात फिनाईल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि कृपा करून कापसाच्या फवारणीचा पंप काढू नका. २०२० मध्ये गावोगावी तो खांद्यावर घेऊन माणसं घरांवर आणि चक्क माणसांवर औषध मारत होती. माणसावर असं काही मारू नये, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलंय. त्या पंपात कीटकनाशकाचा अंश राहतो. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले, ते आपण इतक्यात विसरायला नको.

नळावर किंवा हापशीवर रोग्याच्या घरच्यांना भरू देत नाहीत, हा अनुभव आहे. भांडत बसू नका. शेजारच्या एका घराशी आधीच बोलून ठेवा: चार गुंड पाणी, दूध काढणं, बैलांना वैरण. दहा दिवस ते करतील, पुढे त्यांची पाळी आली तर तुम्ही करा.

ऑक्सिमीटर आणि गाडी

दिवसातून चार वेळा ताप आणि ऑक्सिजन मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहा. ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मधलं किंवा अंगठ्याजवळचं बोट घालायचं, आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. नेलपॉलिश पुसा. मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. लग्नसराईतल्या एका नव्या नवरीचा आकडा ८८ पाहून घरात रडारड झाली होती. मेंदी नसलेलं पायाचं बोट लावलं तर ९७.

मग सहा मिनिटं चालायची परीक्षा. अंगणात, सावलीत, सपाट जमिनीवर. आधी मोजा, चाला, पुन्हा मोजा. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं पुरे, दमा असलेल्याने करू नये. आकडा ९४ च्या खाली आला, किंवा चालण्याआधीपेक्षा तीनहून जास्त उतरला, तर थांबायचं नाही.

निघायची आणखी कारणं: धाप, छातीत दाब, बोलण्यात गोंधळ, उठवत नाही, तीन दिवस ताप शंभरच्या खाली येतच नाही. १०८ ला फोन करा, पण तिला वेळ लागू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी गावातल्या एका गाडीवाल्याशी बोलून ठेवा: खिडक्या उघड्या, दोघांना मास्क, एसी बंद. गाडी येईपर्यंत रोग्याला पोटावर झोपवा, छातीखाली आणि पायाखाली उशी. नुकतंच जेवण झालं असेल, बाई गरोदर असेल किंवा हृदयाचा मोठा आजार असेल तर हे करू नका.

औषधाचं थोडक्यात: तापाला पॅरासिटामॉल, बाकी डॉक्टर सांगतील ते. "एक सलाईन लावून टाका, बरं वाटते" म्हणून घरी सुई घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉईड आणू नका. २०२१ मध्ये साखरेच्या रोग्यांना काळी बुरशी गाठत होती, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

अकरावा दिवस

लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर २०२१ च्या नियमाने विलगीकरण संपलं. लक्षणंच नव्हती तर नमुना दिल्याच्या दिवसापासून मोजा. पुन्हा तपासणीची गरज नाही. गादी, चादर, उशी दोन दिवस उन्हात टाका. विदर्भात ऊन फुकट आहे, एवढाच काय तो फायदा.

ॲपवरचं लाल लगेच जाईलच असं नाही. कामावर किंवा बँकेत कोणी फोन दाखवायला सांगितला तर आरोग्य केंद्राचा कागद दाखवा, म्हणून तो मागून घ्या. तेव्हा लसीची नोंदणीही या ॲपमधून व्हायची आणि २८ एप्रिल २०२१ पासून ती अठराच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली. आपल्या आरोग्य केंद्रातल्या जागा शहरातली माणसं मोटारीतून येऊन घेऊन जायची, ती तक्रार वेगळी. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते आधार कार्ड घेऊन ग्रामपंचायतीत यायचे, नोंदणी मी करून द्यायचो. ओटीपीसाठी चालू नंबर मात्र घरचाच आणावा लागायचा.

आणि ऑक्सिमीटर आशाताईंचा असेल तर स्पिरिटने पुसून, सेल काढून, त्याच दिवशी परत द्या. आमच्या गावात तो एकच आहे.